डाव्या हाताची खिडकी

प्रिय बारक्या,

गेल्या आठवड्यात रविवारी फोनवर तू म्हणालास, की तक्रार करणारा आपल्या गावातलाच आहे आणि त्याला शोधून काढायला माझ्याइतकं लायक माणूस दुसरं नाही. एकतीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे तपासणाऱ्या बाईला भाऊ असं म्हणतो, तेव्हा ते कौतुक समजावं की टोमणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. असो, शोध लागला आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मधेच "बरं बरं, पुढे" करतोस आणि माझा धागा तुटतो. म्हणून लिहिते आहे. एकच अट, ओळीने वाच. शेवटचं पान आधी उघडायची तुझी शाळेपासूनची खोड या पत्रापुरती आवर.

आधी मला जे कळलं आहे ते बरोबर आहे का बघ. तुमच्या कंपनीने चौदा देशांत हॉटेलं उभी केली, आता एक आपल्या गावाबाहेर, जुन्या वीटभट्टीच्या जागेवर होतं आहे. त्याचा मुख्य आर्किटेक्ट तू. नकाशे मंजुरीसाठी आमच्या नगरपालिकेत आले. मग दोन महिन्यांपूर्वी तुमच्या कंपनीला आणि आर्किटेक्टांच्या परिषदेला एक निनावी पत्र गेलं, चार पानी, सोबत नकाशाच्या झेरॉक्स. तू एका खासगी घरात मालकाला हेतूबद्दल अंधारात ठेवून मापं घेतलीस आणि त्या घरातली एक खिडकी 'या प्रदेशाची शतकानुशतकांची शैली' म्हणून खपवलीस, असा आरोप. तेव्हापासून कंपनीने तुला घरी बसवलं आहे आणि अठरा तारखेला चौकशी आहे. निकाल विरुद्ध गेला तर तुझा परवाना जाणार. तुझी बायको मला सांगते, की तू सुट्टीवर आहेस आणि घरातल्या कपाटांची दारं दुरुस्त करतो आहेस. तुझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, म्हणजे काय चाललं असेल ते मी ओळखलं.

तू सांगितलेल्या माणसांपासून सुरुवात केली. तुझा पहिला संशय चित्रकलेच्या मास्तरांवर. मास्तर निवृत्त झाल्यापासून रस्त्यावरच्या खड्ड्यापासून जगातल्या युद्धापर्यंत सगळ्यावर पत्रं लिहितात हे खरं, पण खाली नाव, दोन पदव्या आणि पूर्ण पत्ता घातल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. निनावी लिहायचं म्हणजे त्यांना उपाशी ठेवण्यासारखं आहे. ते बाद. दुसरा तो काँट्रॅक्टर, ज्याला अख्खं गाव 'तडजोड' म्हणतं. बापाने ठेवलेलं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. हॉटेलचं काम बाहेरच्याला गेलं म्हणून तो जळतो आहे. मी एका जिन्याच्या नकाशाचं निमित्त काढून त्याच्याकडे गेले आणि बोलण्याबोलण्यात विषय काढला. तो म्हणाला, "ताई, मी आयुष्यात कागदावर फक्त सही केली, तीपण कुणाला वाचता येणार नाही अशी." मला ते पटलं. चार पानं लिहिणारा हा माणूस नव्हे. तिसरी समोरची मावशी. तिला सगळं दिसतं, पण ती लिहीत नाही, सांगते. आणि जे सांगायचं ते ती मला दोन वर्षांपूर्वीच सांगून बसली होती, की "तुझा भाऊ आणि तुझा म्हातारा बाप तीन दुपारी टेप घेऊन घरभर फिरत होते, आणि तू ऑफिसातून यायच्या आत कागद गुंडाळून ठेवत होते."

आता थोडं तुला माहीत असलेलंच लिहिते. का लिहिते ते पुढे कळेल. आपल्याकडचे जुने गवंडी खिडकीची उंची टेपने ठरवत नसत. भिंत गुडघ्यापर्यंत आली, की त्या घरात जी व्यक्ती जास्त वेळ बसणार तिला ते उलट्या घमेल्यावर बसवत, कोपर मोडायला लावत, आणि कोपर येईल तिथे कोळशाने रेघ मारत. त्या रेघेवर खिडकीचा कट्टा. बसून बाहेर बघताना हात टेकला पाहिजे आणि खांदा उचलला जाता कामा नये, एवढाच नियम. त्यामुळे आपल्या गल्लीत एका उंचीच्या दोन खिडक्या सापडत नाहीत, आणि नवीन माणसाला वाटतं, की इथले गवंडी दारू पिऊन काम करत असावेत. आईचा डावा हात लहानपणी मोडला आणि वाकडा बसला. तिचं डावं कोपर उजव्यापेक्षा चार बोटं खाली यायचं. बाबांनी आपलं घर बांधलं तेव्हा तिला घमेल्यावर बसवून दोन रेघा मारल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीचा कट्टा मधोमध पायरी देऊन डावीकडे चार बोटं खाली घेतला. बाकीचे गवंडी हसले. म्हणाले, जगाची घरं ओळंब्यात आणि स्वतःचं वाकडं. बाबा म्हणाले, माझी बायको जशी आहे तशी खिडकी आहे. आई तिथे बसून भाजी निवडायची, तिथेच तिने आपले पाढे घेतले, आणि शेवटच्या आजारात मी तिला उचलून तिथेच बसवायची, कारण पलंगावर तिचा हात कुठेच नीट टेकत नसे. अशी खिडकी गावात दुसरी नाही. त्यामुळे जगातही नसणार, असं मी धरून चालले होते.

आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी तू दहा दिवस आलास. मावशीने टेपचं सांगितलं त्या संध्याकाळी मी तुला सरळ विचारलं, काय मोजताय? तू म्हणालास, काही नाही, असंच, आठवण म्हणून. बारक्या, माझा धंदाच असा आहे, की 'असंच' या शब्दाला मी भिते. लोक गच्चीवर 'असंच' चार खांब उभे करतात आणि पुढच्या वर्षी तिथे भाडेकरू राहतो. बाबांकडे बघितलं तर ते भिंतीकडे बघत होते, त्यांना भिंत नीट दिसत नसूनही. तुम्ही दोघं माझ्यापासून काहीतरी लपवत होता. जिने त्या घरात आईची अंथरुणं बदलली तिला त्यातून वगळलं होतं. मला राग आला, आणि वाईटही फार वाटलं. तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

मग गेल्या वर्षी हॉटेलची फाइल माझ्या टेबलावर आली. वरच्या पानांवर तुझं नाव कुठेही नव्हतं, नुसता कंपनीचा शिक्का. पण उंचीचा अंदाज यावा म्हणून नकाशात माणूस उभा करतात ना, सगळे कॉम्प्युटरमधला तयार माणूस घेतात, टाय लावलेला आणि हातात बॅग. या नकाशातला माणूस डोकं खाजवत उभा होता. कॉलेजात असताना तू माझ्या किराणाच्या यादीवर काढायचास तोच. त्या क्षणी मी ती फाइल साहेबांकडे नेऊन सांगायला हवं होतं, की हे माझ्या भावाचं काम आहे, दुसऱ्या कुणाकडे द्या. नियम तसा आहे आणि तो नव्या लोकांना मीच शिकवते. मी पान उलटलं. छत्तिसाव्या पानावर आईची खिडकी होती. पायरी मधोमध, डावी बाजू चार बोटं खाली. वर लिहिलं होतं, 'खिडकी प्रकार अ, शतकानुशतकांची प्रादेशिक परंपरा, संख्या दोनशे बारा'.

जागेची पाहणी करायला मी स्वतः गेले. कामाच्या ठिकाणी त्यांनी एक नमुना खोली तयार ठेवली आहे, पाहुण्यांना दाखवायला. बाहेरून बघितलं तर आपली गल्ली, आत गेलं तर कुठलीच गल्ली नाही. तोच पांढरा पलंग, तोच नळ, तोच वास, जो त्यांच्या पुस्तिकेतल्या चौदाही देशांत असणार. पुस्तिका मी चाळली. एका देशात त्यांनी तिथलं छप्पर घेतलं आहे, दुसरीकडे दार, तिसरीकडे अंगणातली फरशी, आणि प्रत्येक ठिकाणी खाली तेच वाक्य, की आम्ही स्थानिक ओळख जपतो. ओळख जपतात म्हणे. माणसाला ओळखतात का आधी? मी त्या कट्ट्यावर बसले. उजवं कोपर टेकलं, डावं हवेत राहिलं, कारण मी आई नाही. हवा यावी म्हणून कडी शोधली, तर खिडकी उघडतच नव्हती, काच कायमची बसवलेली. सोबतचा त्यांचा पोरगेला इंजिनिअर मला समजावू लागला, की मॅडम, इथल्या पूर्वजांनी पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून ही पायरी केली होती. मला तिथेच रडू आलं. तो म्हणाला, धूळ फार आहे मॅडम, आणि पाण्याची बाटली पुढे केली.

तर शोध. तक्रारीतल्या झेरॉक्सवर फाइलचे पान क्रमांक लाल शाईत होते. कंपनीच्या प्रतीवर ते नसतात, ते फक्त आमच्या ऑफिसात घालतात. म्हणजे कागद आमच्या विभागातून बाहेर गेले. ती फाइल तीन माणसांच्या हातातून गेली. साहेब फाइल उघडतात ती सहीच्या पानावर, छत्तिसावं पान असतं हेच त्यांना माहीत नाही. आमचे शिपाई फाइल वजनावरून ओळखतात आणि येत्या पावसाळ्यात आपलं घर गळणार का, याशिवाय कुठल्याही बांधकामाशी त्यांना देणंघेणं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी तुझ्यासाठी आठ दिवस घातला, मास्तर झाले, तडजोड झाला, मावशी झाली. तू हुशार आहेस, इथपर्यंत आल्यावर तुला कळलं असेल. तरी पुढचं वाच, कारण पुढचं तुला माहीत नाही.

त्या रविवारी तुझा फोन ठेवला आणि मी बाबांसमोर जाऊन बसले. म्हटलं, त्या तीन दुपारी काय चाललं होतं ते आज मला सांगा, मी तुमची मुलगी आहे, पोलीस नाही. बाबा म्हणाले, "तू पोलीसच आहेस. तुला विचारलं असतं तर तू अर्ज मागितला असतास, तीन प्रतीत." मग सांगू लागले. मापं घ्यायला त्यांनीच तुला बोलावलं होतं. डोळे पूर्ण जायच्या आत त्यांना घर कागदावर उतरवून हवं होतं. खिडकी हॉटेलात घे असंही तेच म्हणाले, आणि तू नको नको म्हणत होतास, घरातली गोष्ट आहे, ताईला आवडणार नाही म्हणून. तेच हटून बसले. त्यांच्या हाताखाली शिकलेले सगळे आता दुसऱ्या शहरांत टाइल्स बसवतात. कोपर मोजायला कुणी उरलं नाही, तर निदान खिडकी तरी कुठेतरी उरू दे, असं त्यांचं म्हणणं. आणि मला न सांगण्याचं कारण मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, की बारक्यानेच बजावलं होतं, मंजुरी मिळेपर्यंत ताईच्या कानावर घालू नका, नाहीतर लोक म्हणतील बहिणीने भावाचा नकाशा पास केला. तू मला सांभाळत होतास, आणि मी त्या गप्प बसण्याचा अर्थ चोरी असा लावला.

मी बाबांना दोनशे बारा आकडा सांगितला. सगळ्या एका मापाच्या, म्हटलं. बाबा म्हणाले, "मग ती खिडकी नव्हे, शिक्का झाला. मी त्याला अट घातली होती. त्याने लिहिलंय, मला वाचून दाखवलं होतं त्याने."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी ऑफिसात साडेनऊलाच पोचले आणि फाइल काढली. छत्तिसाव्या पानानंतर मी ती कधी वाचलीच नव्हती. बारक्या, मी, जी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगते, की नकाशा खोटं बोलेल पण मागे जोडलेली पुरवणी खोटं बोलणार नाही, शेवटपर्यंत वाचा. संताप आला आणि मी पान मिटलं. पुरवणी क्रमांक नऊ, दीड पान, तुझी. त्यात तू स्पष्ट लिहिलं आहेस, की ही खिडकी कुठल्याही प्रदेशाची शैली नाही, एका गवंड्याने एका बाईच्या हातासाठी ती केली आणि त्या गवंड्याच्या परवानगीने हा नकाशा काढला आहे. परंपरा आहे ती माप घ्यायची, आकाराची नाही. म्हणून प्रत्येक खोलीतली खिडकी या गावातल्या एकेका माणसाच्या कोपराने ठरवावी, त्या हॉटेलात झाडू मारणाऱ्या, रांधणाऱ्या, दारावर उभ्या राहणाऱ्या माणसांच्या. आणि खिडकी उघडणारी असावी. खाली बाबांचा अंगठा. त्यावर कंपनीचा आडवा शिक्का, 'व्यवहार्य नाही, प्रकार अ सर्वत्र'. मी ते दीड पान चारदा वाचलं. पावसाच्या पाण्याची कथा तुझी नाही, परंपरेचा मथळा तुझा नाही, दोनशे बारा तुझे नाहीत. तुझी फक्त ती नऊ क्रमांकाची पुरवणी आहे आणि डोकं खाजवणारा माणूस. घरमालकाला अंधारात ठेवलं असं तक्रारीत लिहिलं आहे, तर घरमालकाचा अंगठा माझ्याच टेबलावर, माझ्याच फाइलमध्ये, वर्षभर पडून होता. तू तो पुढे केला नाहीस, ते मागोमाग माझं नाव येऊ नये म्हणूनच असणार.

तक्रार मी केली, बारक्या. 'एक हितचिंतक नागरिक' म्हणजे मी. सुट्टीच्या दिवशी ऑफिसात जाऊन झेरॉक्स काढल्या आणि पलीकडच्या गावातून टपालात टाकल्या, पोस्टाच्या शिक्क्यावरून पत्ता लागू नये म्हणून. इतका विचार मी तुझ्याविरुद्ध केला, आणि एकदा फोन उचलून तुला विचारायचा केला नाही. तडजोडकडे गेले तेही हे कबूल करणं थोडं पुढे ढकलावं म्हणून. आपलेच दात आपलेच ओठ म्हणून लोक गप्प बसतात, मी तेवढंही केलं नाही. माफी मागते, पण ती तू द्यावीस म्हणून हे लिहिलेलं नाही. निनावी कागद परत घेता येत नाही, त्याला उत्तर देणारा सहीचा कागद लागतो, म्हणून लिहिलं. आणि आईच्या हातापासून पुरवणीपर्यंत तुला ठाऊक असलेलं सगळं सविस्तर लिहिलं ते चौकशी समितीतल्या परक्या माणसांना समजावं म्हणून. मंजुरीत असलेल्या फाइलचे कागद बाहेर दिले आणि नातं लपवून ती तपासली, हे दोन्ही गुन्हे आहेत. निवृत्तीला चार महिने असताना अशा गुन्ह्यांना काय शिक्षा होते ते मला ठाऊक आहे, निलंबनाचे आदेश मीच टाइप केले आहेत. तू मला ओळखतोस तसं मीही तुला ओळखते. हे वाचून झालं की तू कागद फाडशील, कपाटाच्या दारांकडे वळशील आणि अठरा तारखेला तिथे जाऊन गप्प बसशील. म्हणून या पत्राची एक प्रत, पुरवणी क्रमांक नऊसकट, मी आज सकाळीच रजिस्टर टपालाने समितीला पाठवली आहे. पोचपावती माझ्याकडे आहे.

तुझीच, पूर्ण सहीनिशी,
ताई
नकाशा तपासनीस, बांधकाम परवानगी विभाग